चेअरमनसाहेबांच्या आवाजाची ती बावीस सेकंदं

पत्र :

नमस्कार,
सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. साडेतीन हजार सभासद, सहा कॉम्प्युटर, नऊ पिग्मी एजंट एवढा आमचा पसारा. मागच्या आठवड्यात आमच्या चेअरमनसाहेबांच्या आवाजातली बावीस सेकंदांची क्लिप गावातल्या ग्रुपांवर फिरली. सुरुवातीला माइकची शिट्टी ऐकू येते, मग साहेब म्हणतात, "संस्था अडचणीत आहे, आपापल्या ठेवी काढून घ्या." दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी पायरीवर पन्नास माणसं उभी होती. साहेब शपथेवर सांगतात की मी असं बोललोच नाही, हा एआयने केलेला आवाज आहे. आमच्या क्लार्कने क्लिप दोन फुकट वेबसाइटांवर टाकली. एकीने ९२ टक्के बनावट सांगितलं, दुसरीने ११ टक्के. एका चॅटबॉटला विचारलं, तो म्हणाला खरी वाटते. आता एक कंपनी वर्षाला ८५ हजारांत एआयचं पॅकेज देते म्हणते. खोट्या क्लिपा ओळखणं आणि फोन-कॉम्प्युटरची सुरक्षा, सगळं एकातच. साहेब सही करायला तयार आहेत. सोमवारी त्यांचा माणूस येणार आहे. घ्यावं का? नाहीतर दुसरं कुठलं घ्यावं?
– एक व्यवस्थापक ताई

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पायरीवरच्या पन्नास माणसांपाशी थांबले. त्यांना कुणी भोळं म्हणू नये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, आणि आपल्याकडे पतसंस्था बुडालेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे बावीस सेकंदं ऐकून माणूस पासबुक घेऊन धावत येतो. तुम्हाला जे साधन घ्यायचं ते या माणसांसाठी घ्यायचं आहे, एवढं मनाशी धरून पुढचं वाचा.

आधी ते ९२ आणि ११. एकच क्लिप आणि दोन टोकांचे निकाल, म्हणून तुम्हाला वाटलं की एक वेबसाइट चांगली आणि एक वाईट. तसं नसावं. ही साधनं आवाज ऐकून "हे चेअरमन आहेत का" हे ओळखत नाहीत. आवाजाचं बारीक चित्र करून, आधी शिकवलेल्या हजारो खऱ्या आणि बनावट नमुन्यांपैकी कुणाशी ते जास्त जुळतं, याचा अंदाज ती आकड्यात सांगतात. शिकवलेले नमुने बहुतांशी इंग्रजी, आणि तेही स्वच्छ रेकॉर्डिंगचे. तुमची क्लिप मात्र सांगलीकडच्या मराठीतली. मूळ फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून डाउनलोड होऊन पुन्हा दुसऱ्या ग्रुपवर, कदाचित मध्ये कुणी स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने टिपलेली. रेकॉर्ड होताना आवाज दाबून लहान केला जातो, स्पीकरवरून पुन्हा टिपला की आणखी बिघडतो, आणि ज्या बारीक खुणांवरून यंत्र निवाडा करतं, नेमक्या त्याच पुसल्या जातात. उरतो तो अंदाज.

मागे मी माझ्या मावशीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग अशाच तीन वेबसाइटांवर टाकून पाहिलं होतं. मावशी जात्यापाशी बसलेली, मी समोर, फोन माझ्या हातात. तरी एका वेबसाइटने तो आवाज यंत्राचा ठरवला. फोनने जात्याची घरघर गाळायला म्हणून आवाज आपणहून साफ केला होता, आणि तो साफपणाच यंत्राला संशयास्पद वाटला असावा. त्या दिवसापासून टक्केवारी दिसली की मी आधी विचारते, फाइल माझ्यापर्यंत आली कशी?

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. "सुरुवातीला माइकची शिट्टी ऐकू येते." ते तुम्ही सहज लिहून गेलात. ताई, घरात बसून आवाजाची नक्कल करणारा माणूस शिट्टी घालेलच असं नाही. शिट्टी म्हणजे सभागृह, माइक, स्पीकर, समोर माणसं. तुमच्या संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आणि हल्ली प्रत्येक सभेचं कुणी ना कुणी शूटिंग करतंच. साहेबांनी कधीतरी सभेत "कुणी येऊन तुम्हाला सांगेल, संस्था अडचणीत आहे, आपापल्या ठेवी काढून घ्या, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका" अशा धाटणीचं काही म्हटलं होतं का? पुढचा-मागचा भाग कापला की उरतं तेच जे गावात फिरतंय. मी खात्रीने सांगत नाही, पण ही शक्यता तपासल्याशिवाय "एआयने केलं" असं जाहीर करू नका. कापलेला आवाज साहेबांचाच असेल, तर चांगल्यात चांगलं साधनसुद्धा "आवाज खरा" असंच म्हणणार, आणि ते बरोबरच असेल. मग कुणीतरी तोच निकाल गावात दाखवेल आणि साहेब खोटे पडतील. पैसे तुमचे आणि पुरावा तुमच्याच विरुद्ध.

नक्कल असूही शकते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उचलून दाखवला होता, आणि साहेबांची भाषणं तर गावभर असतील. म्हणून दोन्ही वाटा तपासायच्या. त्यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत.

गेल्या चार-पाच वर्षांच्या सभांची रेकॉर्डिंगं गोळा करा. फोटोग्राफरकडे असतील, संचालकांच्या फोनमध्ये असतील, कुणी फेसबुकवर टाकली असतील. मग आवाजाचं लिखाण करून देणारं एआय वापरा. व्हिस्पर नावाचं असं साधन ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. एकदा उतरवून घेतलं की ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे सभेतलं बोलणं बाहेर कुठे जात नाही. तुमचा क्लार्क जमेल तसं करेल, नाहीतर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एखादा मुलगा तासाभरात बसवून देईल. मराठी लिहिताना ते चुका करतं, बोलीभाषेत जास्तच करतं. पण आपल्याला त्याचं शुद्धलेखन तपासायचं नाही. पाच तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये "ठेवी" आणि "अडचण" हे शब्द जवळजवळ कुठे आलेत एवढं सापडलं की पुरे, पुढचं कानांनी ऐकायचं.

क्लिप ऑडॅसिटीमध्येही उघडून पाहा. आवाज जोडण्या-कापण्याचं हे जुनं आणि फुकट सॉफ्टवेअर आहे. हेडफोन लावा आणि साहेबांच्या शब्दांकडे दुर्लक्ष करून त्यांच्या मागचा आवाज ऐका. पंख्याची घरघर, स्पीकरचा गुणगुणाट, कुणाचं तरी खोकणं. सभागृहात शब्द संपल्यावर त्याचा थोडा घुमारा मागे राहतो. कापलेल्या जागी तो घुमारा सुरीने छाटल्यासारखा तुटतो आणि मागची घरघर एकदम पट्टी बदलते. पडद्यावरच्या आलेखातही ती जागा उभ्या रेघेसारखी दिसते. अशी जागा "अडचणीत आहे" आणि "आपापल्या" यांच्यामध्ये सापडली, तर तुमचं निम्मं काम झालं. मग मूळ सभेची क्लिप आणि ही क्लिप शेजारी शेजारी ठेवून वाजवायच्या. पायरीवरच्या माणसाला ९२ टक्के कळत नाही, पण हे दोन आवाज पाठोपाठ ऐकले की लगेच कळतं.

तिसरं काम पायांनी करायचं. क्लिप तुम्हाला कुणी पाठवली, त्याला कुणी पाठवली, असं उलट चालत जा. दोन बाणांची खूण दिसली तर ती बऱ्याच हातांतून आली आहे असं समजा. प्रत्येक टप्प्यावर दिवस, वेळ, ग्रुपचं नाव यांचा स्क्रीनशॉट घ्या. जितकी मागची फाइल मिळेल तितकी तपासायला चांगली. संतापून कुणी फोनमधली क्लिप पुसली असेल तर बाकीच्यांना थांबवा, तो पुरावा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि सहायक निबंधकांनाही लेखी कळवा. सायबर फसवणुकीच्या मदतीचा १९३० हा नंबर कुणाचे पैसे गेले असतील तर त्याच क्षणी फिरवायचा. तो मात्र पिग्मी एजंटांसकट सगळ्यांना पाठ हवा, कारण पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची आशा असते.

चॅटबॉटला विचारलंत, ते नका करू. यावर मी जरा कळकळीने लिहिते, कारण हल्ली शिकलेली माणसंही हेच करतात. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत लोकांनी एक्सवरच्या ग्रोक या चॅटबॉटला एका व्हिडिओबद्दल विचारलं. सुदानमधल्या खार्तुम विमानतळाचा जुना व्हिडिओ ग्रोकने पाकिस्तानातल्या नूर खान हवाई तळावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून सांगितला. चॅटबॉट म्हणजे वाक्यं जुळवणारं यंत्र. "खरी वाटते" हे त्याने तुमच्या क्लिपची तपासणी करून म्हटलं, असं धरून चालू नका. तुमच्या प्रश्नाला शोभेल असं वाक्य त्याने दिलं. त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. एखादी लांबलचक सरकारी सूचना सोप्या मराठीत सांगायला, तक्रारीचा मसुदा करायला, इंग्रजी करारातल्या अटी समजून घ्यायला तो घ्या. कंपनीचा करार आला की त्यातली अट न अट त्याच्याकडून सोपी करून घ्या आणि मग वकिलाला दाखवा.

माणसांकडून तपासून घ्यायची सोय आहे. तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थांच्या मिसइन्फर्मेशन कॉम्बॅट अलायन्स या संघाने मार्च २०२४ मध्ये एआयने केलेल्या बनावट क्लिपा तपासणारं डीपफेक्स अ‍ॅनालिसिस युनिट सुरू केलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून क्लिप पाठवायची, ते साधनंही लावतात आणि जाणकारांनाही ऐकवतात. सुरू झालं तेव्हा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषा होत्या, मराठी नव्हती. म्हणून सोबत क्लिपमधला मजकूर हिंदीत लिहून द्या. मराठीत काम करणारे न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो आहेत. पीआयबी फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित बाबी पाहतं, तुमचं प्रकरण त्यांच्या कक्षेतलं नाही. मात्र "सरकार अमुक योजनेत पैसे देणार" असा फॉरवर्ड आला की त्यांच्याकडे जरूर पाठवा.

या साधनांच्या आयुष्याबद्दलही एक सांगते, कारण तुम्ही वर्षाचे पैसे भरणार आहात. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये, मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडला आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. अमेरिकेत ट्रूमीडिया नावाची ना-नफा सेवा २०२४ च्या निवडणुकीसाठी डीपफेक तपासून देत होती. पत्रकार तिच्यावर विसंबायला लागले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये तीही थांबली. नक्कल करणारी यंत्रं दर काही महिन्यांनी नवी येतात, पकडणाऱ्याला दर वेळी नव्याने शिकावं लागतं. म्हणून मागच्या वर्षीचा निकाल दाखवून या वर्षीचं साधन विकणाऱ्याला सरळ विचारा, शेवटचं कधी शिकवलं?

आणि समजा ते खरोखर चांगलं आहे, शंभरात नव्वद वेळा बरोबर. तरी हिशेब मांडून बघा, तुम्ही तर रोज हिशेबातच असता. धरून चालू की महिन्याला तुमच्यापर्यंत हजार फॉरवर्ड येतात आणि त्यात दहा बनावट असतात. साधन दहापैकी नऊ पकडेल. उरलेले ९९० खरे, त्यातल्या दर दहांत एकाला ते चुकून बनावट म्हणेल, म्हणजे ९९. धोक्याची घंटा एकूण १०८ वेळा वाजेल आणि त्यातली नऊच खरी. दुसऱ्या महिन्यात तुमचा क्लार्क घंटेकडे बघणं सोडेल. म्हणून "आलेलं सगळं आपोआप तपासतो" ही सोय मला तुमच्यासाठी कामाची वाटत नाही. मोजकी, संशय आलेली, नुकसान करू शकणारी क्लिप हातात घेऊन नीट तपासणं हेच तुमच्या आवाक्यातलं आहे.

फोटो आणि व्हिडिओसाठी थोडक्यात सांगते, कारण ते आवाजापेक्षा सोपं आहे. गूगल लेन्समध्ये चित्र टाकून ते आधी कुठे आलं होतं ते शोधा, जुना फोटो नव्या मजकुराखाली फिरत असेल तर बहुतेकदा तिथेच सापडतो. व्हिडिओसाठी इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरला जोडायचं फुकट साधन आहे, ते व्हिडिओचे तुकडे पाडून देतं आणि एकेक तुकडा शोधता येतो. गूगल आपल्या एआयने केलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची अदृश्य खूण घालतं, पण ती खूण नसली म्हणजे चित्र खरं असं कधीच समजू नका, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने केलेलं असू शकतं. आणि एखादा मोठा माणूस पैसे गुंतवायला सांगत असेल तर व्हिडिओ तपासण्यात वेळच घालवू नका. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या नावाने गेमिंग अ‍ॅपचा व्हिडिओ फिरला, एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसले, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या गव्हर्नरांच्या खोट्या व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं. यातलं काही ओळखायला साधन लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर कुणाला शेअर सुचवत नाही, एवढं माहीत असलं की झालं. हे वाक्य नोटीस बोर्डावर लावा.

आता पॅकेजचा दुसरा अर्धा भाग, सुरक्षा. माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका पिशवीत घालून विकल्या की दोन्ही अर्ध्या मिळतात. क्लिपची पडताळणी वर्षातून चार वेळा लागेल. कॉम्प्युटरची सुरक्षा रोज लागते, आणि तुमचा खरा धोका तिकडे आहे असं मला वाटतं. नऊ पिग्मी एजंट, त्यांच्या फोनमध्ये कलेक्शनचं अ‍ॅप, त्याच फोनवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल. "आरटीओ चलन", "पीएम किसान", "आमच्या लग्नाला यायचं हं" अशा नावांनी येणारी एपीके एकदा टाकली की ओटीपीचे मेसेज चोराच्या हातात जातात. अशा वेळी कुठलंही महागडं एआय उशिरा पोचतं. प्ले स्टोअरबाहेरून काहीही टाकायचं नाही, फोनमधली प्ले प्रोटेक्ट ही तपासणी बंद करायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिनची दोन टप्प्यांची पडताळणी लावायची आणि महिन्यातून एकदा "जोडलेली उपकरणं" उघडून अनोळखी काही दिसतंय का बघायचं. शनिवारी कलेक्शन जमा करायला सगळे येतात ना, तेव्हा चहाबरोबर नऊही फोन समोर घेऊन हे करून टाका. अर्धा तास लागेल. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सी-डॅक या सरकारी संस्थेचं एम-कवच हे अ‍ॅप फुकट आहे, तेही बघा.

सहा कॉम्प्युटरांसाठी मात्र पैसे खर्च करा. चांगल्या अँटिव्हायरसमध्ये आता एआय असतंच. फाइलचं नाव ओळखीचं नसलं तरी ती एकदम शेकडो फायली कुलूपबंद करायला लागली तर हे वागणं चोराचं आहे, असं ओळखून ते थांबवतं. इथे एआय खरोखर कामाचं आहे, आणि त्याची चूक झाली तरी फार तर एखादं सॉफ्टवेअर तासभर अडेल. पुण्यात क्विक हील आहे, इतरही आहेत. सेवा द्यायला माणूस तुमच्या तालुक्यात किती वेळात येतो, हे मी पहिल्यांदा विचारेन. उरलेल्या पैशांतून दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या. रोज संध्याकाळी एकीवर बॅकअप, मग वायर काढून तिजोरीत. जोडून ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून एखादं खातं उघडून बघा, कारण न उघडलेल्या बॅकअपची खात्री देता येत नाही. जमलं तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून एकदा तपासणी करून घ्या.

साहेबांच्या आवाजाची नक्कल एकदा झाली असेल तर पुढची क्लिप ग्रुपवर न येता तुमच्या फोनवर येईल. "ताई, मी बोलतोय, अमुक खात्यावर लगेच आरटीजीएस करा." हाँगकाँगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला अरुप या बांधकाम सल्लागार कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहिलं आणि १५ व्यवहारांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे वरिष्ठ बनावट होते. यावर उपाय जुनाच आहे. फोनवरच्या आदेशाने एक रुपया हलणार नाही, हा ठराव संचालक मंडळात करून घ्या. फोन आला की ठेवायचा आणि आपल्या डायरीतल्या नंबरवर उलट फोन करायचा. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर दोघांच्या सह्या. साहेबांना राग येईल अशी भीती तुम्हाला वाटेल, म्हणूनच ठराव हवा. मग राग तुमच्यावर निघत नाही. बँकेच्या साइटचा पत्ता टाइप करताना शेवटी "डॉट बँक डॉट इन" आहे ना तेही बघत जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

क्लार्कला एक गोष्ट आजच सांगा. त्याने क्लिप टाकली ती ठीक, ती गावभर फिरतच होती. पण सभासदाचं आधार कार्ड, केवायसीचे कागद, कर्जाची फाइल "खरी आहे का बघू" म्हणून कुठल्याही वेबसाइटवर किंवा चॅटबॉटमध्ये टाकायची नाही. व्हायरसटोटल हे संशयित फायली अनेक अँटिव्हायरसांतून तपासणारं चांगलं साधन आहे, पण तिथे चढवलेली फाइल जगभरच्या सुरक्षा संशोधकांना पाहता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानेच आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक असली साधनं वापरू नका असं सांगितलं, कारण कागदपत्रांची गुप्तता. सभासदाने कागद तुमच्या हवाली केलेत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ती तुमची जबाबदारी ठरवली आहे.

ठेवीदारांसमोर साहेबांनी स्वतः बसावं, काउंटरवर, सकाळी दहा ते पाच, निदान चार दिवस. खुलाशाच्या व्हिडिओपेक्षा समोर बसलेला माणूस मोठा असतो. भिंतीवर शेवटच्या लेखापरीक्षणाचा वर्ग, एकूण ठेवी, बँकेतली शिल्लक असे आकडे मोठ्या अक्षरांत लावा, आणि मागेल त्याला ठेव नियमाप्रमाणे परत द्या, आनंदाने द्या. खुलासा करताना ती क्लिप पुन्हा पाठवू नका, नाहीतर ज्याने ऐकली नव्हती तोही ऐकेल. बातमी पोचवायला तुमच्याकडे नऊ पिग्मी एजंट आहेत, रोज दुकानादुकानांत जाणारे. कुठल्याही ग्रुपपेक्षा त्यांच्यावर लोकांचा जास्त भरवसा आहे. त्यांना एका कागदावर तीन ओळी लिहून द्या आणि जे तपासून झालं नाही ते "तपासतोय" असंच सांगायला सांगा.

आता सोमवार. त्या माणसाला चहा द्या, त्याचं सादरीकरण पाचच मिनिटं ऐका आणि मग पेन ड्राइव्ह पुढे करा. त्यात वीस क्लिपा तयार ठेवा. दहा तुम्ही स्वतः टिपलेल्या : साहेबांची, तुमची, शिपाईमामांची, बाजारातल्या गोंगाटातली, माइकवरची. पाच अशा की क्लार्कने साहेबांची परवानगी घेऊन आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनावर तयार केल्या आहेत. पाच खऱ्याच, पण मधूनच कापून अर्थ फिरवलेल्या. सगळ्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून तीनदा इकडून तिकडे फिरवून घ्या. कुठली कोणती ते फक्त तुमच्या वहीत. त्याने तुमच्यासमोर, तुमच्या नेटवर, एकेक लावावी आणि तुम्ही निकाल लिहीत जावं. खऱ्या दहांपैकी किती बनावट ठरवल्या, तो आकडा आधी बघा, कारण तुमच्या माणसाला खोटं ठरवणारं साधन चोर निसटू देणाऱ्या साधनापेक्षा गावात जास्त नुकसान करतं. कापलेल्या पाचांबद्दल तो काय म्हणतो तेही लिहून घ्या. "यात कापलंय का ते आमचं साधन सांगत नाही" असं त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, तर माणूस बरा आहे, त्याच्याशी पुढे बोला.

क्लिपा चढवल्यावर कुठे साठतात, किती दिवस राहतात, त्यांच्यावरून यंत्राला शिकवता का, वर्षाच्या मध्ये सेवा बंद केली तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तरं मेलवर मागा. मेल आल्याशिवाय साहेबांची सही होऊ देऊ नका. आणि त्याआधी, शनिवार-रविवारी, सभांची ती रेकॉर्डिंगं शोधाच. फोटोग्राफरकडे जुनी कार्डं पडलेली असतात, पण लग्नसराई लागली की ती पुसली जातात.